पंचवीस मिनिटांचा बफर

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे चौदा माणसं आहेत, आणि त्यांतल्या कुणालाही कुठेही जायचं झालं की आधी प्रताप आगाशेला विचारायचं अशी रीत पडली आहे. विचारलं नाही तरी तो सांगतोच. विमानात कुठल्या बाजूला बसावं, उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्याच्या कुठल्या टोकाला उभं राहावं, सगळं त्याला ठाऊक. माणूस पुण्यात वाढलेला; लहानपणापासून पत्ता विचारणारा कुणी भेटला नाही तर दिवस फुकट गेल्यासारखं वाटायचं त्याला. विमानतळावरून हॉटेलवर सरळ टॅक्सीनं जाणारी माणसं त्याच्या मते डोकं घरी ठेवून प्रवासाला निघालेली असतात.

तेव्हा फोर्ट लॉडरडेलला जायचं ठरल्यावर त्यानं एक्सेलची शीट उघडली नसती तरच नवल. फ्लोरिडातलं हे शहर कालव्यांचं. घराच्या पुढच्या दारी गाडी आणि मागच्या दारी बोट, असा तिथला थाट. विमानतळावरून हॉटेल गाडीनं पंधरा मिनिटांवर होतं. प्रतापनं तीन रात्री घालवून त्याच अंतराला तासाभराहून जास्त लागेल असा मार्ग शोधून काढला. विमानतळावरून बसनं डाउनटाउन, तिथून नदीकाठानं चालत धक्क्यावर, आणि धक्क्यावरून बोटीनं, श्रीमंतांचे बंगले बघत बघत, थेट हॉटेलच्या पायरीशी. हे कालवे जणू त्यानंच खणून घेतले होते अशा सुरात त्यानं ते बायकोला, सुमेधाला, समजावलं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच, पण प्रतापच्या भाषेत त्याला ‘एक्स्पीरियन्स’ असा शब्द होता.

वास्तविक हा प्रवास सुमेधाचा होता. आई गेल्यावर तिला आठव्या वर्षापासून बारावीपर्यंत नागपूरला जिनं वाढवलं ती शैलूमावशी शहात्तराव्या वर्षी एका टूर कंपनीबरोबर अमेरिकेला आली होती. चाळीस माणसं, एक टूर मॅनेजर, पोळी-भाजीची हमी. ऑरलँडोत त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत पळवत होते. मग एका दुपारी फोर्ट लॉडरडेलच्या त्या हॉटेलात जेवण, आणि दीडच्या ठोक्याला बस बंदरावर, क्रूझवर चढायला. बारा ते दीड एवढाच काय तो मोकळा वेळ. क्रूझ संपली की मंडळी परस्पर भारतात.

सुमेधा सहा वर्षांत नागपूरला गेली नव्हती. दर डिसेंबरात ती जाते म्हणायची आणि दर डिसेंबरात प्रताप शीटचं ‘रिस्क’ नावाचं पान उघडायचा. गेलं की परत येताना वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग, स्टॅम्पिंगला गेलं की अडकण्याची शक्यता, अडकलं की नोकरी जाणार, नोकरी गेली की घर. ते सगळं लाल रंगात असायचं. मावशीशी रोज व्हिडिओवर बोलतेसच की, असं म्हणून तो पान मिटायचा. त्यामुळे हे दीड तास सोडले तर तिच्या हाती काही नव्हतं, आणि मावशीच्या वयाकडे बघता पुढचंही कुणी सांगावं.

गाडीनं गेलो तर साडेअकराच्या आतच पोहोचू, मी तिथे बसून वाट बघेन, असं तिनं घरीच सुचवलं होतं. प्रताप हसला होता. शीटमध्ये पंचवीस मिनिटांचा बफर ठेवलाय, त्यानं सांगितलं. बफर म्हणजे आडअडचणीसाठी राखलेला वेळ. ऑफिसात गेली चौदा वर्षं तो बफर ठेवत आला होता आणि प्रत्येक प्रोजेक्ट उशिराच संपवत आला होता, पण ते दोन वेगळे विषय.

विमान वेळेवर उतरलं. प्रतापनं सांगितलेल्या पट्ट्याच्या टोकाला ते उभे राहिले आणि बॅगा दुसऱ्या टोकानं आल्या. मावशीसाठी भरलेली निळी बॅग तर सगळ्यात शेवटी आली; तीत गुडघ्यांचे पट्टे, एक मऊ स्वेटर, दोन किलो अक्रोड. दहा मिनिटं गेली. बफर आहे, प्रताप म्हणाला.

मग त्याला क्यूबन कॉफी दिसली. ग्रुपसाठी प्रवासाचं परीक्षण लिहायचं तर कॉफी प्यायलाच हवी. तेवढ्यात बस गेली, पुढची पंधरा मिनिटांनी होती. बफर आहे, प्रताप पुन्हा म्हणाला. एकच पंचवीस मिनिटं हा माणूस किती वेळा खर्च करणार, असं सुमेधाच्या मनात आलं असावं, पण ती गप्प राहिली. वीस वर्षांच्या संसारात गप्प बसण्याचा तिचा हात चांगला बसला होता.

डाउनटाउनला उतरले तेव्हा बोटीला दहाएक मिनिटं होती. धक्का समोर दिसत होता. प्रतापनं तिथेच नदीकडे पाठ करून फोन उंच धरला आणि “नमस्कार मंडळी” म्हणून व्हिडिओ सुरू केला. तो ग्रुपवर पडतो न पडतो तोच अरुणकाकांनी विचारलं, चाकांच्या बॅगा या फरशीवरून नीट जातात का. अरुणकाकांना फोर्ट लॉडरडेलला जायचं नव्हतं, ते गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घराबाहेरही पडत नव्हते. पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर प्रतापकडे होतं. त्यानं व्हॉइस मेसेज करायला घेतला. फरशी, फटी, चाकांचा व्यास, सगळं त्यात आलं. सुमेधा त्याची बाही ओढत होती. मेसेज संपवून त्यानं मान वळवली तेव्हा बोट धक्का सोडून पाच हात पुढे गेली होती.

पुढची बोट बारा चाळीसला. प्रतापनं बोटांवर हिशेब केला.

“वन फिफ्टीनला पोहोचतो आपण. तरी पंधरा मिनिटं मिळतात. आणि बघ, क्वालिटी टाइम इज व्हॉट मॅटर्स.”

सुमेधानं फोन काढला आणि गाडी बोलावली. गाडी चार मिनिटांवर होती. त्या चार मिनिटांत प्रतापनं तिला पुष्कळ समजावलं. बोटीचा दिवसभराचा पास काढलाय, हॉटेलला धक्क्याच्या बाजूनं जाण्यातच मजा आहे, ग्रुपला आपण बोटीनं येतोय असं सांगून झालंय. गाडी येऊन थांबली. तिनं निळी बॅग उचलली, बाकीच्या दोन त्याच्याकडे सरकवल्या.

“प्रताप, तुझ्या शीटमध्ये हॉटेल चेक-इन हाय प्रायॉरिटी आहे,” ती म्हणाली, “आणि मावशी मीडियम. मी वाचलंय.”

दार लागलं. गाडी गेली. प्रताप दोन बॅगा घेऊन धक्क्यावर उभा राहिला. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मुख्यतः शीट तिच्याशी शेअर केल्याबद्दल वाटलं. ग्रुपवर त्यानं लिहिलं की सुमेधा कामानिमित्त पुढे गेली आहे. अठरा जणांनी अंगठा दाखवला.

बारा चाळीसची बोट वेळेवर सुटली. कप्तानानं निघतानाच सांगितलं की मधल्या थांब्यावर ज्यांना उतरायचं असेल त्यांनी आधी हात वर करावा, नाहीतर बोट थांबणार नाही. प्रताप त्या वेळी रेकॉर्डिंगचा आवाज तपासत होता. मग दुतर्फा बंगले सुरू झाले. हा गोळ्या-औषधांच्या मालकाचा, तो गाद्यांच्या कारखानदाराचा, या बोटीची किंमत त्या घराहून जास्त. कप्तान सांगत होता आणि दुसऱ्यांच्या संपत्तीकडे तोंड उघडं ठेवून बघण्याचे पैसे भरलेली तीस माणसं तोंड उघडं ठेवून बघत होती. प्रतापनं सगळं टिपलं. व्हिडिओ छान येत होता. बरोबर सव्वा वाजता हॉटेल दिसलं तेव्हा त्याला अगदी भरून आलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

हॉटेलच्या धक्क्यावर एक बाक होता. बाकावर शैलूमावशी बसली होती, सुती साडी, वर नवा मऊ स्वेटर, पायात पांढरे बूट. सुमेधा तिच्या पायाशी लाकडी फळ्यांवर मांडी ठोकून बसली होती आणि तिच्या गुडघ्याला पट्टा बांधत होती. मावशीचा हात तिच्या डोक्यावर होता. मावशी काहीतरी बोलली आणि सुमेधा हसली, अशी की तिला कपाळ मावशीच्या मांडीवर टेकावं लागलं. बायकोला इतकं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं हे प्रतापला आठवेना. क्षणभर त्याला खरोखर लाज वाटली. मग त्याला वाटलं, व्हिडिओचा शेवट म्हणून हे फार चांगलं दिसेल, आणि त्यानं फोन त्यांच्याकडे वळवला.

हात कुणीच वर केला नव्हता. बोट पुढे निघाली.

प्रतापच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं घाईघाईनं हात उंचावला आणि हलवला. कप्तानाला वाटलं, उत्साही प्रवासी आहे. त्यानं भोंगा वाजवला आणि सगळ्यांना हात हलवायला सांगितलं. तीस माणसांनी हात हलवले. बाकावरून मावशीनंही हलवला, परक्या गावात परक्या लोकांना हलवतात तसा, तोंडभर हसून. सुमेधानं वर पाहिलं. तिनं त्याला ओळखलं, हे त्याला स्पष्ट दिसलं. मग ती खाली वाकली आणि दुसऱ्या गुडघ्याचा पट्टा बांधायला लागली.

पुढचा थांबा बराच लांब होता. तिथून दोन बॅगा ओढत तो उलटा निघाला, तर वाटेतला पूल कुणाच्या तरी उंच बोटीसाठी उघडला होता, आणि पूल मिटेपर्यंत त्याला उन्हात उभं राहावं लागलं. तो हॉटेलात शिरला तेव्हा दोन वाजत आले होते. टूरची बस केव्हाच गेली होती. सुमेधा लॉबीत एकटीच बसली होती. डोळे रडून सुजले होते, पण चेहरा शांत होता. तिला तास-सव्वा तास मिळाला होता आणि तो पुरलेला दिसत होता.

“टेक्निकली मी सव्वालाच पोहोचलो होतो,” प्रताप म्हणाला.

तिनं सरळ सांगितलं की मावशीच्या शेजारी बसूनच तिनं तिकीट काढलं आहे, सात मार्चचं, नागपूरचं. प्रतापनं स्टॅम्पिंग हा शब्द उच्चारला. अडकले तर अडकले, ती म्हणाली, मावशीकडे राहीन. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच प्रताप घाबरला. रिस्कचं पान उघडायला त्यानं फोन हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि फोन परत खिशात ठेवला. आपल्या उपयोगाचं इथे काय उरलं आहे, हे तो मनात चाचपू लागला. खूप वेळानं त्याला एक गोष्ट सापडली, आणि त्यानं ती जवळजवळ मायेनं विचारली.

“एअरपोर्टवरून घरी कशी जाशील? आता मेट्रो झालीय तिकडे. मी बघून ठेवतो ना.”

“नको,” सुमेधा म्हणाली. “मावशी न्यायला येणार आहे.”