सम्राटांना चालणार नाही

प्रकरण १

सन ४०१२. क्षारण ग्रहावर सम्राट त्रिनेत्र राज्य करत होते. त्यांचा राजवाडा तीनशे मजली होता आणि

"लिफ्ट हाय का?"

"आहे, आजोबा."

"मग सांगत जा ना. माज्या जिवाला घोर लागला. आनि तीन डोले त्याला? माजा एक पन धड चालत नाय."

दादू भोईर पलंगावर उताणे पडले होते. परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यावर हिरवी पट्टी होती. टीव्ही बंद, त्यामुळे संध्याकाळच्या दोन मालिका चुकत होत्या. त्यातल्या एकीत सासूच्या दुधात कोणी काय घातलं हे कळायचं राहिलं होतं, म्हणून ते सगळ्या घरावर चिडले होते. त्यांची करमणूक म्हणून नात स्नेहल स्वतः लिहिलेली कादंबरी वाचून दाखवत होती.

निदान घरात तसं सांगितलं होतं.

"ते लोक खातात काय?"

"गोळ्या. एक गोळी घेतली की दिवसभर भूक लागत नाही."

"गोल्या तर मी पन घेतंय. मग दुपारी जेवतंय ना? खाडी हाय का तिथं?"

प्रकरण १ (दुरुस्त)

क्षारणच्या पश्चिमेला खाडी होती. खाडीच्या चिखलात तीन डोळ्यांच्या निवट्या मासळ्या उड्या मारत आणि राजवाड्याच्या तीनशेव्या मजल्यापर्यंत कालवणाचा वास जाई.

"आता कसं," दादू म्हणाले. "आता राज्य वाटतंय."

खरं कारण

खरं कारण होतं पूर्वी नावाची चुलतबहीण. भगवानकाकांची, म्हणजे दादूंच्या थोरल्या मुलाची मुलगी. कॉलेजात एनसीसी, रायफल चालवण्यात देशभरच्या शिबिरात पदक, आणि आता लष्करात अधिकारी व्हायला निवड. सोमवारी चेन्नईला ट्रेनिंगसाठी निघायचं. रोडपालीच्या त्या फ्लॅटमध्ये ही गोष्ट एका माणसाला सोडून सगळ्यांना माहीत होती.

"आमची काय हरकत नाय," भगवानकाका म्हणाले होते. "पण बाबांना चालणार नाय."

म्हणून स्नेहलनं बेत केला. कादंबरीत एक हुशार तरुण सैनिक, एक म्हातारा सम्राट. सम्राट विरघळला की आजोबा विरघळतील. मग सांगून टाकायचं.

"बावळट बेत आहे," पूर्वी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "किती प्रकरणं लागतील?"

प्रकरण २

सैनिकाचं नाव अर्क. वीस वर्षांचा. शत्रूची यानं झोपेतसुद्धा अचूक टिपायचा. लढाई संपली की तो एका कोपऱ्यात बसून गार चहा प्यायचा.

"गार?"

"हो. मुद्दाम गार करून. साय धरेपर्यंत."

ओट्यावर पूर्वीचा चहाचा पेला साय धरून बसला होता. ऑपरेशनच्या आधी दादूंनी असले पेले पुष्कळ पाहिले होते.

"असा चहा पिनारं मानूस मना माहीत हाय."

"आजोबा, हा दुसऱ्या ग्रहावरचा आहे."

"असंल. वाच पुडं."

प्रकरण ३

झालं नाही. सत्यवतीकाकू, म्हणजे पूर्वीची आई, डोळ्यात औषध घालायला आल्या. राजवाड्यात कट शिजायला लागला की त्या औषध घेऊन येत. भगवानकाका दाराशी पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करत होते. पंखा व्यवस्थित चालू होता.

प्रकरण ४

अर्कची निवड दूरच्या तारकादलात झाली. दरबारात खळबळ माजली. महामंत्री मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमची हरकत नाही. पण सम्राटांना चालणार नाही."

"थांब," दादू म्हणाले. "सम्राटाला इचारलं का कुनी?"

स्नेहलनं पानावर पाहिलं. हे तिनं लिहिलंच नव्हतं.

"नाही."

"मंग त्याला चालनार नाय हे या मिशीवाल्याला कुनी सांगितलं?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं."

"त्या राजवाड्यात आनखी काय काय चालत नाय सम्राटाला?"

स्नेहल वाहवत गेली. "मांजर आणायचं होतं, सम्राटांना चालणार नाही म्हणून आणलं नाही. गच्चीवरच्या पार्ट्या बंद. थोरल्या सूनबाईंना उडती स्कूटर शिकायची होती, ती राहिली."

स्वयंपाकघरात एक झाकण पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं.

"मना मांजर आवडतं," दादू म्हणाले. "भगवान, तो पंखा सोड. हिकडं ये."

भगवानकाका आले. हातात स्क्रूड्रायव्हर.

"महामंत्री असं का बोलला असंल?"

"गोष्टीतलं हाय ते, बाबा."

"गोष्टीतलंच इचारतंय मी. तुज्या मिशीचं मी नावच काडलं नाय."

काकांनी स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. "त्याला वाटलं असंल, आपण नाय म्हटलं तर पोरगी आयुष्यभर तोंड बघणार नाय. सम्राटावर काय, कोणी रुसत नाय."

पोरगी म्हणाले ते. सैनिक म्हणायचं राहून गेलं. कोणी दुरुस्त केलं नाही.

प्रकरण ५ (घाईघाईत)

सम्राट आनंदानं उठले. "जा, अर्क!" ते गरजले. नगारे वाजले, फुलं

"खोटं," दादू म्हणाले. "इतकं सोपं नसतं. शत्रूची यानं पाडते आनि म्हाताऱ्यासमोर यायला कादंबरी पाठवते? बोलव तिला."

"आजोबा, तो अर्क..."

"तिला बोलव गो."

पूर्वी पॅसेजमध्येच होती. भिंतीला पाठ लावून, हातात गार चहा. आत येऊन ती सावधानमध्ये उभी राहिली. पेलाही सावधानमध्ये.

"आजोबा, ते... सोमवारी..."

"मोट्यानं. डोल्याचं ऑपरेशन झालंय, पन कान पन म्हातारेच हायेत."

"मला लष्करात जायचंय. चेन्नईला. जाऊ?"

दादूंचा हात पट्टीकडे गेला. "हात लावू नका!" सत्यवतीकाकू ओरडल्या. हात खाली आला.

"मना नाय चालनार," दादू म्हणाले.

भगवानकाकांनी मान हलवली, म्हटलं नव्हतं का, अशी. पूर्वीच्या पेल्यातला चहा मात्र हिंदकळला.

"नाय चालनार मंजे काय," दादू पुढं म्हणाले, "मना बरं नाय वाटनार. रोज पायाला तेल तू लावतंस. आता ही कादंबरीवाली लावनार. ही तेल लावते का लोनचं मुरवते तेच कलत नाय."

"आजोबा!"

"गप. पूर्वे, हिकडं ये." त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं. "इतकी वर्सं माज्या नावानं या घरात राज्य चाललंय आनि मना पत्ता नाय. तू पयली, जिनं इचारलं. जा तू. वाईट वाटंल ते माजं मी बघून घेन."

पूर्वीला सॅल्यूट करायचा होता. उजव्या हातात पेला होता आणि डावा आजोबांनी धरला होता, म्हणून ती नुसतीच रडली.

"आनि भगवान," दादू म्हणाले, "तुजं ‘नाय’ हाय ना? तुज्या तोंडानं सांग. माजं नाव वापरू नको."

काका पूर्वीकडे न बघता म्हणाले, "मला पण बरं नाय वाटणार." मग म्हणाले, "गाडीपर्यंत सोडायला मी येणार. दुसरं कोणी नाय."

"तिथं रडलास तर?"

"बाबांनी सांगितलं म्हणून रडलो, असं सांगीन."

"बघ! परत!"

शेवटचं प्रकरण (दादूंनी सांगितलेलं)

अर्क ताऱ्यांकडे निघून गेला. राजवाडा मोठा वाटायला लागला. तेव्हा सम्राटांनी स्वतःच्या तोंडानं पहिला हुकूम काढला: एक मांजर आणा.

"मांजर?" भगवानकाकांनी बापाकडे पाहिलं. "माझी काय हरकत नाय, बाबा. पण सत्यवतीला मांजर चालणार नाय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला विचारलं का कोणी?"