अठरावी अट

बुद्धिबळाचे जगज्जेते असलेल्या काकांनी एकाच प्रतिस्पर्ध्याला सतरा वर्षं टाळलं. दरवर्षी नवी अट. कधी खुर्ची उंच, कधी दिवा मंद. शेवटी प्रतिस्पर्ध्याची मुलगीच दारात आली.

“बाबा दवाखान्यात आहेत, काका. तुमच्या सगळ्या अटी मान्य. आता तरी चला.”

काकांचा नाइलाज झाला. दवाखान्यात खाटेवर पट मांडलेला होता, शेजारी डावाचं घड्याळ.

“खिडकी डावीकडे हवी,” ते सवयीने म्हणाले. मुलीने खाट फिरवली.

“हरायला एवढा घाबरतोस, लेका?” आजारी प्रतिस्पर्धी हसला, आणि हसता हसताच गेला.

मुलगी डॉक्टरांना बोलवायला धावली. काकांनी प्यादं सरकवलं, घड्याळाची कळ दाबली आणि उत्तराची वाट बघत बसले.

भेटायला आलेल्यांना बाहेर काढणारी नर्स दारातूनच म्हणाली, “आजोबा, वेळ संपली.”

“कोणाची?” त्यांनी आशेने विचारलं.