नजरेने लावलेले सहा थर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागात आहे. एका जुन्या ओळंब्याने रागवावे याचे तुम्हांला हसू येईल. पण माझे ऐकून घ्या, मग हसा.

मी गवंड्याचा ओळंबा. दोरीला टांगलेला, खाली टोकदार असा लोखंडी गोळा. माझ्या दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा भिंतीच्या वरच्या विटेला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी विटांना जेमतेम शिवून राहिलो तर भिंत सरळ, दूर राहिलो तर पुढे झुकलेली. यात मी पदरचे काही सांगत नाही. जमीन मला खाली ओढते आणि मी तिचे ऐकतो, एवढेच.

लेथवर मला घडवणाऱ्या कारागिराने माझे टोक तीनदा घासले, कारण दोनदा ते केसभर बाजूला गेले होते. मग एका तरुण गवंड्याने मला घेतले. वीस वर्षे मी त्याच्या पिशवीत राहिलो. दर दोन थरांनंतर तो मला सोडायचाच. लोक म्हणायचे, "याची भिंत म्हणजे दगडावरची रेघ!" त्या कौतुकातला थोडा वाटा माझाही होता.

पुढे त्याच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला पंच निवडले. पहिले वर्ष चांगले गेले. आजाऱ्यांना भेटायचा, देवळाची बाके स्वतः पुसायचा. मग हळूहळू त्याच्या नजरेला वेगळीच सवय लागली. उपासनेला उशिरा कोण आले, प्रार्थनेत कोण पेंगले, कोणाचे गाणे नुसते ओठांवर होते, हे सारे तो घरी ताटावर बसून सांगायचा. बायको एकदा म्हणाली, "अहो, आणि तुम्ही आज स्वतःसाठी काय मागितलंत देवापाशी?"

तो म्हणाला, "जरा मीठ दे."

त्याच सुमारास रविवारशाळेची नवी खोली बांधायचे ठरले. गवंड्याने मदतीला आपल्या मेहुण्याला घेतले. हा मेहुणा एके काळी दारूत बुडालेला, पण चार वर्षांत थेंबाला शिवला नव्हता. रस्त्याकडची भिंत त्याने खिडकीच्या माथ्यापर्यंत आणली. मी साक्षीला होतो, ती भिंत सरळ सुतात होती. वरचे सहा थर गवंडी लावणार होता. पण त्या दिवशी दुपारी पंचांची बैठक होती. शिवणकाम करणारी एक बाई तीन महिने उपासनेला का आली नाही, याचा जाब तिला विचारायचा होता. अशा बैठकीला उशीर करून कसे चालेल?

मेहुणा म्हणाला, "दाजी, ओळंबा राहिला."

"वीस वर्षं हात बसलाय माझा. तू पलीकडची भिंत बघ."

सहा थर त्याने नजरेने लावले. मी पिशवीत पडून होतो. दुसऱ्याची चूक मोजायला जाण्याच्या घाईत त्याने स्वतःचे काम मोजले नाही! पुढे जो गिलावा झाला, त्याने ते वाकडेपण झाकून टाकले.

एका पावसाळ्यातच खिडकीच्या वर भेग पडली आणि गिलावा गळून विटा उघड्या पडल्या. मुलांना खोलीत बसवणे बंद झाले. मंडळीने विचारले, "हे कसं झालं?" तेव्हा गवंडी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मेहुण्यावर विश्वास टाकला, हीच माझी चूक. जुनी सवय सुटते थोडीच!"

लोकांनी माना डोलावल्या. दारुड्याचा हात, थरथरणारच! त्या माणसाला कोणी एक शब्द विचारला नाही. त्याचे काम गेले आणि देवळात येणेही सुटले. कोणीतरी वर असेही म्हणाले, "ओळंबाच खोटा असेल." मी खोटा? आणि गवंड्याने, ज्याला सगळे ठाऊक होते त्याने, मला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकले.

मला बाहेर काढले ते त्याच्या बायकोने. ती मला घेऊन सरळ त्या खोलीत गेली, मागोमाग गवंडी. स्टुलावर चढून तिने ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवला. खिडकीपाशी मी भिंतीपासून दोन बोटे दूर लोंबत राहिलो. मग तिने ठोकळा खिडकीच्या वरच्या कडेशी, बाजूच्या भिंतीला धरला. तिथून खाली मी विटांना अलगद शिवलो.

"वरचं कुणाचं?" तिने विचारले. "माझा भाऊ प्यायचा तेव्हाही खोटं बोलला नाही हो. तुम्ही तर पाणी पिऊन बोललात."

त्या रविवारी देवळात प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकरी घेण्याचा विधी, होता. पाळकसाहेब म्हणाले, "मेजाजवळ येण्याआधी ज्याने त्याने स्वतःला पारखावं." गवंड्याने हे शंभरदा ऐकले होते, आणि दर वेळी इतरांकडे पाहिले होते. या वेळी भाकरीचे ताट समोर आले तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि उठून थेट मेहुण्याचे दार गाठले. मी त्याच्या खिशात होतो.

"चुकलो रे मी. भिंत माझ्यामुळे कलली."

मेहुणा दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही. "दाजी, मला ठाऊकच होतं. मला बदनाम केलंत चारचौघांत आणि माफी मागताय उंबऱ्यावर? तिथं बोला."

पुढच्या रविवारी तो तिथे बोलला. "भिंत मी वाकडी बांधली, आणि त्याहून वाकडं बोललो," असे म्हणून त्याने पंचपद सोडले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरीही तो गेला. ती तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी बसली होती. हे विचारायला बैठक कशाला हवी होती?

वरची भिंत त्याने स्वतः उतरवली आणि पुन्हा बांधली, दर थराला मला सोडून. मेहुणा मदतीला आला नाही. आठ महिन्यांनी तो देवळात आला, शेवटच्या बाकावर बसला. गवंडी त्याच्या शेजारी जाऊन बसला. मेहुण्याने गाण्याचे पुस्तक दोघांच्या मधोमध धरले.

एवढे होऊनही माझा राग का गेला नाही, सांगू? आता मला त्याच खोलीत काचेच्या पेटीत ठेवले आहे. लोक पाहुण्यांना माझ्यापुढे आणतात, गवंड्याची चूक चवीने सांगतात आणि हळहळून चहाला जातात. गेल्याच महिन्यात एकजण शेजाऱ्याविषयी म्हणाला, "याला एकदा या ओळंब्यापुढे उभा करा!" सगळे हसले. काच नसती तर मी त्याच्या अंगठ्यावर पडलो असतो.

मित्रांनो, मला तेल नको, पेटी नको. कोणाचे वाकडे दिसले आणि मनातून जरा बरे वाटले, तर तिथेच तोंड मिटा. आज आपले कोणते काम घाईत राहिले, कोणाला आपण दुखावले, ते आठवा. देवापुढे त्याचे नाव घ्या, मग उठून त्याच्या दारी जा. परत आल्यावर दुसऱ्याविषयी बोलायला वेळ उरला, तर खुशाल बोला.