फडक्याला बंदी

त्या मंगळवारी बाबांच्या तोंडाची वाफ काचेवर धरत नव्हती. "हवा कोरडी आहे," ते म्हणाले आणि व्हॉल्व्ह माझ्या तोंडासमोर धरला. "तू कर. फुंकर नको, हाऽ कर."

मी हाऽ केलं. जुन्या रेडिओतला तो काचेचा दिवा क्षणभर धुरकटला आणि जिथे उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे एक अक्षर आणि तीन आकडे उमटले. मी ते वहीत उतरवेपर्यंत वाफ विरली होती, आकडेही.

बाबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. निवृत्तीनंतर ते नुसते व्हॉल्व्ह ओळखायचे. तेही शंभरीकडे झुकलेले, सगळ्यात जुने नग. काचेच्या डोक्यावर टोक असलं तर पहिल्या काळातला. ते टोक खाली बुडाच्या टोपीत लपलं असलं तर नंतरचा. एवढ्यावरून कुळ कळतं, नाव नाही. नाव पुसट छपाईत असतं आणि ती बोटानेही जाते. म्हणून त्यांच्या खोलीत फडक्याला बंदी होती. आई होती तोवर म्हणायची, "या खोलीत धूळ जावयासारखी राहते."

टेबलावर अंड्यांचे तीन ट्रे असायचे: ओळखीचे, संशयित, अनोळखी.

भाऊ चहा घेऊन आला आणि उंबऱ्यावर थांबला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या.

"तिथेच ठेव," बाबा म्हणाले.

"ठेवतो. तुमच्या काचेच्या राण्यांना साखर किती?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी दोरा बांधलेला एक व्हॉल्व्ह उचलला. तो आरशासारखा लख्ख होता. "याचेच प्रताप. आठ वर्षांचं कार्टं, पण संग्रहातला सगळ्यात जुना नग पुसून ठेवला. कितीही वाफ द्या, मुका तो मुकाच."

छत्तीस वर्षं हे मी ऐकत होते. मी वहीत डोकं घातलं.

बुधवारी सकाळी बाबा त्याच टेबलापाशी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

भेटायला आलेले लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. वही त्यांच्या तोंडावर फेकून मारावी असं मला वाटलं. अनोळखी ट्रेमध्ये अजून एकवीस व्हॉल्व्ह बाकी होते. माणूस असा भरल्या टेबलावरून उठून जातो?

वस्तुसंग्रहालयातल्या बाई पुढच्या शुक्रवारी बाबांचा संग्रह न्यायला येणार होत्या. फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं, "ज्यांचा क्रमांक कळला असेल तेवढेच घेऊ. बिननावाची काच आमच्याकडेही ढीगभर आहे." मी गुरुवारची रजा टाकली. एकेकाला वाफ द्यायची, आकडे उतरवायचे, बाबांची वही पुरी करायची. त्यांच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

गुरुवारी खोलीचं दार उघडलं तर टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलेला, त्यावर एकवीस व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले. लख्ख. शेजारी साबणाच्या पाण्याचं पातेलं. आणि भाऊ बाह्या सारून उभा, खोलीच्या आत.

मी एक उचलला. हाऽ केलं. नुसती वाफ. दुसरा. तिसरा. नवव्यापर्यंत माझा श्वासच संपला.

"हे काय केलंस?"

"अगं ताई, उद्या पाहुण्या बाई येणार. किती कळकट होते, बघवत नव्हते."

"अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? आकडे गेले! सगळ्यांचे गेले!"

"कसले आकडे? काही नव्हतं त्यांच्यावर. मी नीट बघितलं."

"वाफेत दिसतात, मूर्खा! बाबा दिवसभर काय करायचे इथे?"

"फुंकायचे," तो म्हणाला. "तूही फुंकायचीस. मला वाटायचं, धूळ उडवताय. म्हटलं, आपण एकदाची धुऊनच टाकू."

मी हातातला व्हॉल्व्ह टॉवेलवर आपटणार होते. आपटला नाही.

"मला कोणी सांगितलं गं?" आता त्याचाही आवाज चढला. "तू आत बसायचीस, मी चहा धरून दारात. उंबऱ्यावरून काय दिसतं?"

मला बाबांचा इतका राग त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता. काचेच्या टोकावरून काळ सांगणाऱ्या माणसाला समोर रडणारं आठ वर्षांचं पोर खरं बोलतंय की खोटं, हे कळलं नाही. एकदाच काय तो संशय घेतला आणि जन्मभर त्या पोराला अनोळखी ट्रेमध्ये ठेवलं. आणि मी शेजारी बसून सुवाच्य अक्षरात आकडे लिहीत राहिले.

भावाने पातेलं उचललं. "तो दोरावालाही मी पुसला नव्हता, ताई. आईशपथ. पण आता कोण ऐकणार? एकवीस पुसले, म्हणजे बाविसावाही माझाच."

"तो मी पुसला होता," मी ओरडले. "मी! फ्रॉकच्या घेराने, थुंकी लावून. बाबा कामावरून आले की त्यांना चमकताना दिसावा म्हणून. त्यांनी तुझं नाव घेतलं आणि मी गप्प बसले. ऐकतोयस ना? तो मी पुसला होता."