बिनकापडाची शिलाई

फरशीवर चार गंजके डाग.

बिस्किटांच्या डब्यात बटणं.

यंत्राला आई असते का, असा एका पोराचा प्रश्न.

मधली खोली, जी एक मुलगी कायम धावतच ओलांडायची.

यातलं काही पुस्तकात आहे, काही नाही.

पुस्तक भाचीचं. एका कुटुंबाची गोष्ट, लहान मुलांसाठी लिहिलेली. तिचं कौतुक करायला वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या आणि ठेवणीतले कपडे घालून मावशी पहिल्या रांगेत बसली होती. बहीण गेली तेव्हा भाची जेमतेम बोलायला लागलेली. मावशी आपलं शिलाईचं मशीन घेऊन या घरात आली, ती परत गेलीच नाही. दोरा ओवून ओवून डोळे अधू झालेले, त्यामुळे पुस्तक तिनं वाचलं नव्हतं. आपण त्यात कुठं आहोत, एवढंच तिला ऐकायचं होतं. निघताना विचारूनही झालं होतं, "मला जरा बारीक दाखवलीस ना?" भाची चपला शोधत राहिली.

शाळेतल्या बाई एकेक प्रतीक उलगडू लागल्या. स्वयंपाकघर म्हणजे ऊब, गच्ची म्हणजे सुटका. मावशी मान डोलवत होती. मग मधली खोली आली. तिथं आईच्या पलंगाच्या जागी एक काळं यंत्र येऊन बसतं आणि कापड नसतानाही खडखडत राहतं. बाई म्हणाल्या, जागा बळकावता येते, माया आणता येत नाही, हेच ते यंत्र सांगतं. टाळ्या पडल्या. मावशीनंही वाजवल्या, हात आपोआप चालले.

तेवढ्यात एका पोरानं तो प्रश्न विचारला. भाची हसून म्हणाली, नसते रे, म्हणून तर ते तसं वागतं.

परतताना गाडीत मावशी डोळे मिटून होती.

"मावशी, जागी आहेस ना?"

"जागीच आहे. कुणाच्या, तेवढं तू सांग."

भाची आधी हसली. मग म्हणाली, गोष्टच आहे गं ती, मनाला लावून घेऊ नकोस; पण त्या आवाजाची मला खरंच भीती वाटायची, आठवलं तसं लिहिलं.

मावशीच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते बोलली असती तर पोरीचं अख्खं पुस्तक खोटं पडलं असतं. तिनं ते गिळलं आणि काच वर कर म्हणाली, वारा लागतोय.

त्याच आठवड्यात मशीन भंगारात गेलं.

आई गेल्यानंतर ती पोर दुपारी मशीनच्या आवाजाशिवाय झोपत नसे. शिवायला काही नसलं तरी मावशी ते चालवत बसायची.