लाल कल्ले

मासे खाणारी माणसं मासे धरत नाहीत. निदान आपल्याकडची शिकलीसवरलेली तरी नाहीत. ती बाजारात जातात, कोळणीशी हुज्जत घालतात, कल्ला उचलून आतला रंग बघतात आणि पिशवी भरून घरी येतात. मासा त्याआधी कुठे होता, काय करत होता, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. रवींद्र नाडकर्णींनाही सत्तरी उलटेपर्यंत कधी पडले नव्हते. आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या अख्ख्या मराठी मंडळींत गळ टाकून मासे धरणारं माणूस होतं एकच: नागपूरची आसावरी, जिने जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं.

आसावरी सॉफ्टवेअरमध्ये होती. आठवडाभर मीटिंगा करायची आणि थंडीतल्या शनिवारी गाडीला बोट जोडून एकटीच तळ्यावर जायची. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायची. गणपतीत, दिवाळीत सगळे तिची टिंगल करायचे, की खायचा नाही तर धरायचा कशाला? ती म्हणायची, "भेटायला जाते हो मी." यावर सगळे हसायचे. रवींद्र सगळ्यांत मोठ्यांदा हसायचे.

हे अर्थात मीनाक्षीच्या आजारपणाआधीचं.

मीनाक्षी म्हणजे रवींद्रांची बायको. मूळची वेंगुर्ल्याची, इथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची डॉक्टर म्हणून नावाजलेली. पण मंडळींत तिची ख्याती वेगळीच होती. तिच्यासारखं जेवणाला नावं ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. कुणाची आमटी आंबट, कुणाच्या सोलकढीला पाणी सुटलेलं, कुणाच्या पोळ्या चामड्याच्या. रवींद्रांच्या हातच्या चहालाही तिने लग्नानंतर पहिल्या दिवसापासून नावं ठेवली होती. दुकानातल्या बिनकाट्याच्या पांढऱ्या माशाला ती मासा म्हणायलाच तयार नसे. "कापूस आहे तो," म्हणायची.

मग गळ्याचा कॅन्सर झाला. उन्हाळ्यापर्यंत रेडिएशन संपलं, रोग आटोक्यात आला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण तोंडाची चव गेली ती गेलीच. सगळं पत्र्यासारखं लागतं, असं ती सुरुवातीला म्हणायची, नंतर तेही म्हणेनाशी झाली. रवींद्र वीजकेंद्रात टर्बाइनवर काम केलेले इंजिनिअर. जन्मात कढई धरली नव्हती. ते आता भात शिजवायला शिकले, खिचडी शिकले. ताट पुढे ठेवलं की ती दोन घास गिळायची आणि म्हणायची, "ठीक आहे."

या "ठीक आहे"ची रवींद्रांना भीती वाटायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभरात वजन वाढलं नाही तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. मीनाक्षीने तेही शांतपणे ऐकून घेतलं होतं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं आहे.

एकदा आसावरी भेटायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "काकू, मी थंडीत ज्या फिशच्या मागे असते नं, पिकरेल, त्याच्यात इतके काटे असतात की इथले लोक खातच नाहीत. नाकं मुरडतात."

मीनाक्षीने मान वर केली. "केवढे काटे?"

कित्येक महिन्यांत तिने खाण्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. रवींद्रांनी तो बुडत्याने काडी धरावी तसा धरला. "आसावरी, एक पाहिजे. हिच्यासाठी. सोडायचा नाही, घरी आणायचा."

आसावरीच्या बोटीत कधी काही मेलं नव्हतं. ती म्हणाली, "एकच, काका. पण धरायचा तुम्ही. अन् मारायचापण तुम्हीच. मी नाही मारणार."

"आणि मी येणार," मीनाक्षी म्हणाली. "बघितल्याशिवाय मासा घेत नाही मी."

*

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी, उजाडायच्या आत उठून, रवींद्रांनी मुगाची मऊ खिचडी शिजवली, थर्मासमध्ये भरली, वर तुपाची धार सोडली. फोनवर मासेमारीचा परवाना काढला होता तो खिशात आहे की नाही हे तीनदा चाचपलं. मीनाक्षीला दोन स्वेटर, एक कोट आणि आपली कानटोपी चढवली. ती म्हणाली, "मासा मला बघून पळेल." पण ते हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

तळं पूर्वेला दीडेक तासावर. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. सायप्रसची झाडं पाण्यातच उभी, पानं गळालेली, बुंधे तळाशी फुगलेले. वारा नव्हता. आसावरीने सपाट बुडाची बोट पाण्यात लोटली, दोघांना नीट बसवलं, बॅटरीवरची मोटर सुरू केली. एवढ्या थंडीत इथे काही जिवंत असेल यावर रवींद्रांचा काडीचा विश्वास नव्हता. बोटीत बर्फाची पेटी होती. ते तिच्याकडेच बघत होते.

तळ्याच्या एका कडेला कमळाच्या जातीची वेल होती, थंडीने अर्धी कुजलेली. तिथे पाणी उथळ होतं. ऊन एव्हाना तिरकं पाण्यात उतरलं होतं. आसावरीने मोटर बंद केली आणि हळूच म्हणाली, "काका, हलू नका. खाली बघा. त्या देठाच्या डावीकडे."

रवींद्रांनी बघितलं. देठ होते, कुजकी पानं होती, एक फांदी बुडाली होती. "कुठे काय?"

"बघत राहा नं."

ते बघत राहिले, आणि त्या फांदीला डोळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. हातभर लांबीचा मासा पाण्यात अधांतरी थांबला होता. वर नाही, खाली नाही, पुढे नाही. हिरव्यासोनेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत साखळीच्या कड्या, बदकासारखी चपटी चोच आणि डोळ्याखाली काजळाची उभी रेघ. फक्त कल्ल्यांमागचे पंख जरा जरा हलत होते, त्यावरूनच तो जिवंत आहे हे कळायचं. रवींद्रांनी आयुष्यभर मोठाली यंत्रं एका जागी स्थिर ठेवायची धडपड केली होती. त्यात किती खटपट असते ते त्यांना ठाऊक होतं. इथे हा प्राणी पाण्यात नुसता थांबला होता, आणि ते त्याला सहज जमत होतं.

"कधीपासून असा उभा आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"पहाटेपासून असेल. त्याला घाई नसते."

मीनाक्षीही वाकून बघत होती.

आसावरीने त्यांच्या हातात काठी दिली. दोराच्या टोकाला तारेचा तुकडा, कारण साधा दोर तो दातांनी कापतो, आणि तारेला चमच्याच्या आकाराचा, गळ लावलेला चकाकता पत्रा. पहिल्या फेकीत तो पत्रा झाडात गेला. दुसऱ्यांदा बोटीतच पडला. तिसऱ्यांदा देठांच्या पलीकडे पडला आणि रवींद्र काठीच्या रिळावर दोर गुंडाळायला लागले. पत्रा लुकलुकत माशाच्या समोरून गेला.

मासा निघालेला त्यांना दिसलाच नाही. तो तिथे होता आणि मग तिथे नुसतं पाणी होतं, ढवळलेलं. तेवढ्यात काठी अशी वाकली, की ते पुढे पडता पडता राहिले. हाताला जो हिसका बसला तो खांद्यापर्यंत गेला. एवढ्याशा जिवात एवढं बळ! दोर कर्रर करत सुटत होता, आसावरी ओरडत होती, "सोडा काका, जाऊ द्या त्याला, आता ओढा, सावकाश!" आणि रवींद्र लहान मुलासारखे "अरे बापरे, अरे बापरे" एवढंच म्हणत होते.

शेवटी आसावरीने तो जाळीत घेतला, लांब चोचीच्या पक्कडीने गळ काढला, हात ओले करून माशाला बोटीच्या तळाशी ओल्या टॉवेलवर ठेवला. म्हणाली, "अख्ख्या सीझनमध्ये एवढा मोठा नाही बघितला, यार." मग तिने तोंड फिरवलं. पुढचं तिला बघायचं नव्हतं.

रवींद्रांनी मासा मारायला आणलेलं दांडकं हातात घेतलं.

"थांबा," मीनाक्षी म्हणाली. "कल्ले बघू देत."

आता जिवंत माशाचे कल्ले कोण बघतं? मासा डोळ्यांसमोर पाण्यातून काढला होता; ताजा नसेल तर काय असेल? पण वेंगुर्ल्याच्या बाजारात आईचं बोट धरून शिकलेली सवय. तिने अंगठ्याने झाकण उचललं, अगदी कोळणीच्या पाटीतल्या माशाचं उचलावं तसं.

आणि तिचा हात तसाच राहिला.

आत लाल होतं. जन्मभर "ताजा आहे, घ्या" म्हणत पारखलेलं तेच लाल. फक्त ते हलत होतं. पदरामागून पदर, केसाहून बारीक लाल झालर, उघडत होती, मिटत होती, आणि पाण्याबाहेर तिला मिळत काही नव्हतं.

"अहो, बघा," ती म्हणाली. "श्वास आहे हा."

"मीनाक्षी, त्याला—"

"आधी बघा तर."

त्यांनी बघितलं. बघितल्यावर नजर काढता येईना.

"आयुष्यभर बाळांच्या श्वासाची डॉक्टरकी केली," ती म्हणाली, "आणि आयुष्यभर हे उचलून उचलून बघितलं. कधी लक्षातच आलं नाही." मग एकदम तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. "सोडा याला."

रवींद्रांचा बांध फुटला. "सोडा? अगं, तू जेवणार होतीस! यासाठी आलो ना आपण? तुला नळी घालतील, मीनाक्षी. मी काय करू तेव्हा? मला भीती वाटते गं!"

इतक्या वर्षांच्या संसारात भीती वाटते हे ते पहिल्यांदा बोलले होते. आसावरी पाठमोरीच होती, हलली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी रवींद्रांच्या मनात दया वगैरे काही नव्हती. सुंदर असेल मासा, पण बायको त्याहून मोलाची होती, आणि दांडकं त्यांच्या हातातच होतं.

पण मीनाक्षीने तोवर बाह्या वर सारल्या होत्या. दोन्ही हातांनी मासा उचलून ती काठावरून पाण्यात वाकली. ती पडू नये म्हणून त्यांना दांडकं टाकून तिचा कोट धरावाच लागला.

या घोळात उशीर झाला होता. मासा पाण्यात गेला तो कुशीवर कलंडला. पोटाची पांढरी बाजू वर आली.

"मेला," रवींद्र म्हणाले.

"गप्प बसा."

तिने एका हाताने शेपटीचं मूळ धरलं, दुसरा तळवा पोटाखाली घातला, त्याला सरळ केलं. आसावरी वळून पुढे सरकली. "काकू, तोंड पुढे ठेवा, हळूहळू पुढे न्या—" पण सांगायची गरजच नव्हती. मीनाक्षीचं लक्ष कल्ल्यांवर होतं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. मध्येच थांबायची, वाट बघायची, पुन्हा मोजायची. बर्फासारख्या पाण्यात तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते, पण ते थरथरत नव्हते. गेले कित्येक महिने जे हात पेला धरताना कापायचे, ते जराही कापत नव्हते.

रवींद्र तिचा कोट धरून बघत राहिले. ही बाई रोज सकाळी घरातून निघून जायची आणि संध्याकाळी दमून यायची. काय करते विचारलं तर म्हणायची, बाळं बघते. ते कधी बाळांच्या वॉर्डातल्या त्या काचेच्या पलीकडे गेले नव्हते. आज त्यांना ते दिसत होतं. हातात मावणारा जीव, आणि त्याच्यावर वाकलेली ही, आजूबाजूचं जग विसरून, तो पुढचा श्वास घेईल म्हणून वाट बघणारी. अशी किती वेळा वाट बघितली असेल हिने? माशाला बघून वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त त्यांना बायकोचं नवल वाटलं.

कल्ला हलला. थांबला. पुन्हा हलला. मग हलतच राहिला.

"ये," मीनाक्षी म्हणाली. "शाब्बास. ये."

तिने हात उघडले. मासा तिच्या तळव्यांवरच थोडा वेळ थांबला, मघाशी थांबला होता तसाच, कुणाच्या आधाराशिवाय. मग त्याने शेपूट मारली. तिघांच्या तोंडावर पाणी उडालं आणि तळं होतं तसं झालं.

आसावरीने टॉवेलने काकूंचे हात पुसले, चोळले.

"मासे खाणं सोडलं नाही हं मी," मीनाक्षी तिला म्हणाली. "उगाच मंडळात सांगत सुटशील. पण हा नको." मग जरा थांबून, "अहो, त्या थर्मासमध्ये काय आहे? गारठले हो मी."

रवींद्रांनी मुकाट्याने वाट्या भरल्या. बर्फाची पेटी रिकामीच होती, आणि आता घरी जाऊन पुन्हा तेच सुरू होणार होतं. आसावरीने पहिला घास खाल्ला, क्षणभर थांबली, काकांकडे बघितलं आणि म्हणाली, "मस्त आहे, काका."

मीनाक्षीने चमचा तोंडात घातला. रवींद्रांनी मान खाली घातली. आता ती "ठीक आहे" म्हणेल, तेवढं ऐकायचं आणि निघायचं.

"अहो," ती म्हणाली, "यात मीठ कुठाय?"

रवींद्रांनी वर बघितलं.

"मीठच घातलं नाहीत." तिने दुसरा चमचा घेतला, तोंडात घोळवला. तिच्या कपाळावर आठी पडली, तीच जुनी, ठसठशीत आठी. "आणि मूग करपलेत खालून. अर्धवट ढवळलं असणार."

त्यांनी स्वतःच्या वाटीतली खिचडी चाखली. खरंच मीठ नव्हतं. सकाळच्या गडबडीत विसरलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडताय काय? मीठ विसरलात म्हणून काही रडतात?" असं म्हणाली आणि तिने तिसरा घास घेतला. तेव्हा तिच्याही लक्षात आलं, आणि ती हातातल्या चमच्याकडे बघत राहिली.

"बोल," रवींद्र तिच्याजवळ सरकून म्हणाले. "आणखी काय काय वाईट झालंय? सगळं सांग."