लाल फुलीखालची भिंत

साहेब, माझ्या छातीवर लाल फुली मारण्याआधी तुम्ही मला एकदा तरी हात लावून पाहिलंत का? नाही पाहिलंत. गाडीची काच अर्धी खाली केलीत, रंगाचा डबा ड्रायव्हरच्या हातात दिलात आणि म्हणालात, "मार फुली. धोकादायक आहे." गार वारा लागला म्हणून काच लगेच वरही केलीत. आत येऊन माझ्याजवळ टेकला असतात, तर तेव्हाच तुम्हाला कळलं असतं की माझं काय बिनसलंय.

मित्रांनो, घाबरू नका. माझं भांडण साहेबांशी आहे, तुमच्याशी नाही. मी एक जुनी भिंत आहे. डोंगरातल्या एका गावाच्या सभाघराची, उन्हाकडे तोंड करून उभी असलेली. या, पाठ टेका.

माझा जन्म सावकाश झाला. इतक्या वर विटा येईपर्यंत निम्म्या फुटतात आणि सिमेंटची पोती घाटातल्या धुक्यात ओली होऊन वाटेतच दगड होतात. तेव्हा गावाने ठरवलं, पायाखाली जे आहे त्याचंच सभाघर बांधायचं. दगड डोंगराचा, माती ओढ्याकाठची, तिच्यात पेंढ्याचे तुकडे घालून पायांनी तुडवलेली. लाकूड वादळात पडलेल्या झाडांचं. दगडांचे थोडे थर झाले की लाकडाची एक आडवी पट्टी, कमरेला पट्टा बांधावा तशी.

आणि एक अट होती. प्रत्येक घराने आपल्या बांधावरचा एक दगड आणायचा आणि स्वतःच्या हाताने बसवायचा. त्यामुळे माझ्यात मेंढपाळाचा पांढरा दगड आहे, दाईमावशीचा गोल गरगरीत आहे, आणि दोन भांडकुदळ भावांचे शेजारीशेजारी आहेत. भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचे दगड मात्र खांद्याला खांदा लावून उभे आहेत. पोरं येता-जाता मला थोपटायची. "हा आमचा!" "गप रे, तुमचा तो वाकडा!"

काय दिवस होते ते! दिवसभर मी ऊन खायचे आणि संध्याकाळी ते परत द्यायचे. शाळा माझ्याजवळ भरायची, आजोबालोक गुडघे शेकायला यायचे. बाहेर बर्फ पडायला लागलं की दाईमावशी बाळंतिणींना इथेच आणायची. एकदा जमीन हादरली. मी पट्ट्यांसकट डोलले, दोनदा कुरकुरले आणि होते तिथेच उभी राहिले. मग काय, कौतुकाचा नुसता पूर!

त्या कौतुकानेच माझा घात केला.

"एवढी गुणाची पोर, पण अंगावर एक धड कपडा नाही," गवंडीणकाकू म्हणाली. खालच्या पुलाच्या कामातून थोडं सिमेंट उरलं होतं. तिने मोठ्या हौसेने मला त्याचा गिलावा चढवला. तिचा दीर सुतार. शिडी धरून तो म्हणाला, "वाह, वहिनी! समोर उभं राहून भांग पाडावा इतकी गुळगुळीत झाली!"

गाव खूश झालं. मी गुदमरले. मातीच्या भिंतीला श्वास लागतो, मित्रांनो. फटींतून शिरलेलं पाणी पूर्वी वाऱ्याने सुकायचं, ते आता आतच कोंडलं. गिलावा फुगला, तडकला. मी गार पडले. आजोबालोकांनी आपली बाकं माझ्यापासून लांब सरकवली आणि पोरांना आपापले दगड दिसेनासे झाले. "म्हातारी झाली," लोक म्हणाले. त्यातच इमारती तपासणारे सरकारी साहेब आले, त्यांनी गाडीतूनच तडे पाहिले आणि हुकूम सोडला: थंडीच्या आत हे पाडा, वरून पत्र्याचं नवं सभाघर येईल.

"येईल म्हणजे कधी?" दाईमावशी गाडीला आडवीच गेली. "पक्का रस्ताही 'येईल'च म्हणाला होतात. बर्फ पडल्यावर बाळंतिणीला कुठे नेऊ? तुमच्या त्या 'येईल'मध्ये?"

साहेब हसले. गाडी निघाली.

गवंडीणकाकू मात्र हलली नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने तड्यात बोट घातलं. गिलाव्याची एक खपली तिच्या हातातच आली. मागची माती ओलीचिंब होती. काकूचा चेहरा पडला.

"भाऊजी, छिन्नी द्या."

"वहिनी, अहो, केवढ्या हौसेने चढवलं होतंत!"

"हौसेनेच जीव घेत होते मी तिचा. छिन्नी द्या म्हणते ना, तोंड काय चालवताय?"

मग काय विचारता! काकूचा पहिला घाव पडला आणि सगळं गाव हातोड्या घेऊन धावलं. गिलावा धडाधड कोसळला. आतले दगड जसेच्या तसे! एका पट्टीचं टोक तेवढं कुजलं होतं. सुतारकाकाने ते कापून नवं जोडलं आणि तेवढा वेळ तोंडही बंद ठेवलं, हे विशेष. पोरं किंचाळली, "हा आमचा! हा आमचा!" ते दोघे भाऊसुद्धा येऊन आपापला दगड पुसून गेले. एकाच फडक्याने.

वारा लागला, ऊन लागलं आणि मी पुन्हा उबदार झाले. बाकं परत जवळ आली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. डोक्यावरचं छप्पर शाकारत जा, पायाशी पाणी साचू देऊ नका. आणि कुणाला लाडाने नटवायला निघालात, तर आधी त्याला श्वास घेता येतोय ना, एवढं बघा.

आता साहेब, तुमच्याकडे वळते. तुमची फुली गिलाव्यावर होती. गिलाव्याबरोबर तीही पडली. तिचा मोठा तुकडा दाईमावशीने कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून लावलाय, हवा तर घेऊन जा. पण तुमचा हुकूम अजून उभा आहे आणि थंडी तोंडावर आली आहे. तेव्हा या. या खेपेला गाडीतून उतरा आणि मला हात लावून पाहा. त्यानंतरही पाडायचंच असेल, तर सगळं गाव समोर उभं असेल. त्यांच्या तोंडावर सांगा: आधी कुणाच्या घरचा दगड काढू?